मोटारीत पिस्तूल : परवाना आणि त्याच्या हद्दी

शस्त्राचा परवाना माणसाच्या नावावर निघतो, मोटारीच्या नाही. गोष्ट उघड आहे, पण गाडी चालवताना पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर जवळ बाळगण्यावरून जे कायदेशीर घोळ होतात, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा हीच गोष्ट विसरली गेलेली असते. घरात शस्त्र आणि परवानाधारक एका छपराखाली असतात. गाडी मात्र जिल्हा ओलांडते, राज्य ओलांडते. तिच्यात परवाना नसलेली माणसे बसतात, तिची किल्ली परक्याच्या हाती जाते आणि वाटेत कुठेही पोलीस हात करून ती थांबवू शकतात.

भारतात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. सध्याचे तपशीलवार नियम २०१६ चे आहेत. मोटारीसाठी त्यांत वेगळे प्रकरण नाही. निरनिराळी कलमे, नियम आणि परवान्यावर छापलेल्या अटी एकत्र वाचल्या की चित्र तयार होते. हे वाचन परवानाधारकाने शस्त्र खरेदी करण्याआधी करावे, ही अपेक्षा फारशी पुरी होत नाही.

परवाना जिल्हाधिकारी देतात; मुंबई, पुणे, ठाणे यांसारख्या आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्त. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, आधी तीन ठेवता येत. परवान्याची मुदतही तेव्हाच तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. खासगी व्यक्तीकडे सहसा .३२ बोअरचे रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल असते. ९ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, आणि ते विनापरवाना सापडल्यास किमान सात व कमाल चौदा वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. साधे अप्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगले तरी किमान दोन आणि कमाल पाच वर्षे.

गाडीच्या दृष्टीने परवान्यावरची सर्वांत महत्त्वाची नोंद म्हणजे त्याची हद्द. परवाना एका जिल्ह्यापुरता, राज्यापुरता किंवा संपूर्ण देशासाठी असू शकतो. खासदार, लष्करातले आणि अखिल भारतीय सेवांतले अधिकारी, नेमबाज अशा काही वर्गांना देशभराची हद्द मिळण्याची सोय आहे. इतरांना कारण दाखवून हद्द वाढवून घ्यावी लागते. हद्द वाढवण्याचा अर्ज शस्त्र परवाना शाखेत करता येतो, पण तो निघण्याच्या आदल्या दिवशी करून उपयोगाचा नाही.

पुण्याहून गोव्याला निघालेली गाडी याचे चांगले उदाहरण आहे. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता आहे असे धरू. गोवा हे वेगळे राज्य आहे, हे कोणालाही ठाऊक असते. पण आंबोलीमार्गे जायचे तर वाटेत कर्नाटकही लागतो, हे स्टिअरिंगवर बसलेल्याच्या लक्षात राहतेच असे नाही. कागल सोडले की कोगनोळीचा नाका येतो. तो आणि पुढचे निपाणी दोन्ही बेळगाव जिल्ह्यात. निपाणीहून आजऱ्याकडे वळल्यावर गाडी पुन्हा कोल्हापूर जिल्ह्यात येते, मग आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदा, आणि त्यानंतर पत्रादेवीला गोव्याची हद्द. म्हणजे एका दिवसात राज्याची सीमा तीनदा ओलांडली जाते. गगनबावड्याने किंवा फोंडाघाटाने कोकणात उतरले, तर पत्रादेवीपर्यंत महाराष्ट्र सुटत नाही. रस्ता कसा आहे यापेक्षा तो कोणाच्या हद्दीतून जातो, हे अशा प्रवाशाने आधी पाहायचे असते.

हद्द ओलांडली तर काय? परवान्याची अट मोडल्याबद्दल कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षा हलकी वाटते. पण गुन्हा नोंदवताना कलम २५ सुद्धा लावलेले आढळते. त्या ठिकाणी हा परवाना चालतच नव्हता, मग शस्त्र विनापरवानाच ठरते, असा युक्तिवाद त्यामागे असतो. न्यायालयात तो टिको वा न टिको, तोवर शस्त्र मुद्देमालात जमा झालेले असते आणि परवाना रद्द का करू नये याची नोटीस घरी आलेली असते.

शस्त्र अंगावर कसे असावे, हे २०१६ च्या नियमांनी सांगितले आहे. सार्वजनिक ठिकाणी हातात मावणारे शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच केलेल्या तशा आवरणात हवे, ते पूर्ण झाकलेले हवे, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा हवा. शस्त्र उपसून मिरवणे किंवा उगाच बार काढणे यावर सक्त बंदी आहे, आणि ती मोडल्यास परवाना रद्द होऊ शकतो. डॅशबोर्डवर ठेवलेले पिस्तूल यांपैकी पहिल्याच कसोटीला उतरत नाही. सिनेमातला नायक सीटखाली हात घालून पिस्तूल काढतो, ते सिनेमातच ठीक.

व्यवहारात अडचण येते ती सीट बेल्टची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. पट्टा उजव्या खांद्यावरून येऊन डाव्या कमरेशी अडकतो, आणि त्याचा आडवा भाग उजव्या कमरेवरून जातो. उजव्या हाताने काम करणाऱ्याचे होल्स्टर नेमके तिथेच असते. ते दाराच्या बाजूला दबते, बरगडीला टोचते, तासाभराने माणूस वैतागतो आणि पिस्तूल काढून दाराच्या कप्प्यात किंवा दोन सीटांमधल्या खोबणीत ठेवतो. इथे ताबा सुटतो. करकचून ब्रेक लागला की एवढी जड वस्तू पुढे घसरते, पायाशी येते, पेडलखाली अडकू शकते. ती उचलायला वाकलेला चालक ट्रकपेक्षा कमी धोकादायक नसतो. बसलेल्या अवस्थेत टोचणार नाही असे होल्स्टर आधीच निवडणे, हाच यावरचा उपाय. चेंबरमध्ये गोळी चढवून ठेवणे आणि गाडीत बसल्या बसल्या शस्त्र भरणे किंवा रिकामे करणे, या दोन्ही गोष्टी टाळायच्या. आत नळी वळवायला सुरक्षित दिशाच नसते, आणि दाराचा पत्रा गोळी अडवेलच असे नाही. नेमबाजीच्या सरावाला जाणाऱ्याने पिस्तूल रिकामे करून पेटीत आणि काडतुसे वेगळी ठेवलेली बरी.

गाडी थांबल्यावर प्रश्न वाढतात. हॉटेलात व्हॅले पार्किंगवाल्याला किल्ली दिली आणि पिस्तूल आतच राहिले, तर ते परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात गेले. गाडी सर्व्हिसिंगला टाकताना हेच घडते. कप्प्याचे कुलूप चोराला फार तर मिनिटभर अडवते. दुसरीकडे, शस्त्र अंगावर ठेवून कुठेही शिरता येते असेही नाही. परवान्याच्या अटींत जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शैक्षणिक संस्थेचे आवार इथे खास परवानगीशिवाय शस्त्र नेण्यास मनाई आहे. मुलांना शाळेत सोडणारी गाडी फाटकाच्या आत वळली की ही अट लागू होते. खाली उतरावेच लागते असे नाही. ज्या दिवशी असे ठिकाण वाटेत आहे, त्या दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवणे, याहून शहाणा मार्ग दिसत नाही.

चालक ठेवलेला असेल तर त्याने मालकाचे पिस्तूल सांभाळणे कितपत चालते? कलम ३ मध्ये एक मर्यादित सवलत आहे. परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी दुसऱ्याला शस्त्र नेता येते. मालक विमानाने गेला आणि चालक गाडीतून पिस्तूल घेऊन मागून आला, तर लेखी कागदाशिवाय त्याची बाजू लंगडी पडते. हा कागद दहा ओळींचा असतो, पण तो नसला तर चालकाला पोलीस ठाण्यात रात्र काढावी लागू शकते.

गाडीतल्या इतरांसाठी कलम ३५ आहे. ज्या शस्त्राबाबत गुन्हा घडला आहे असे शस्त्र अनेकांच्या संयुक्त ताब्यातल्या वाहनात सापडले, तर ते तिथे आहे याची ज्यांना कल्पना होती असे मानण्यास कारण आहे, ते प्रत्येकजण उलट सिद्ध होईपर्यंत जबाबदार धरले जातात. कल्पना असणे हा शब्दप्रयोग इथे कळीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केले की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, आणि शस्त्र हातात नसले तरी त्यावर नियंत्रण असेल तर तो ताबाच. मित्राच्या गाडीत गावठी कट्टा आहे हे माहीत असून मागच्या सीटवर गप्प बसणाऱ्याला हे कलम गाठते. पिशवीच्या तळाशी एखादेच विसरलेले काडतूस सापडल्याची प्रकरणे, विशेषतः विमानतळांवरची, याच जाणिवेच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी अनेकदा रद्द केली आहेत. पण त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. म्हणून प्रवासाआधी बॅगा झटकून पाहणे स्वस्त पडते.

नाकाबंदीत काय करायचे? कलम २३ पोलिसांना वाहन थांबवून झडती घेण्याचा अधिकार देते. कलम १९ नुसार शस्त्र बाळगणाऱ्याकडे ते परवाना मागू शकतात. तो दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारू शकतात आणि गरज वाटल्यास शस्त्र ताब्यात घेऊ शकतात. घरी आहे, आणून दाखवतो, या उत्तरावर शस्त्र परत मिळेलच असे नाही. मूळ परवाना सोबत असावा, आणि तो पिस्तुलाशेजारच्या कप्प्यात नसावा, कारण मग तो काढायला हात शस्त्राकडे जातो. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, शस्त्र आहे आणि ते कुठे आहे एवढे शांतपणे सांगावे. दाखवण्यासाठी ते स्वतः उपसू नये. हवालदाराने सांगितले तरी खाली उतरून, त्याच्या सूचनेप्रमाणेच पुढचे करावे. अंधाऱ्या रस्त्यावर टॉर्चच्या उजेडात पिस्तुलाची मूठ अचानक दिसली, तर समोरच्याला परवाना आधी दिसत नाही.

परवाना असूनही शस्त्र बाहेर काढता येत नाही असेही काळ असतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवील त्या परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. ते निवडणुकीनंतर परत मिळते. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रे बाळगण्यावर बंदी घालू शकतात. सणासुदीच्या तोंडावर असे आदेश वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोट्या चौकटीत येतात. परजिल्ह्यातून गाडी घेऊन आलेल्याला त्यांची वार्ताही नसते, पण अज्ञान ही सबब चालत नाही.

आता शस्त्र प्रत्यक्ष वापरण्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवावरचा हल्ला, जबर इजेची रास्त भीती, अपहरण, बलात्कार अशा ठरावीक प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. पण पोलिसांकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर तो हक्क नाही, आणि जरुरीपेक्षा जास्त इजा करण्याचाही नाही. ओव्हरटेकवरून झालेल्या भांडणात यातले काहीच नसते. गाडी सुरू आहे, चाके फिरताहेत, पुढे रस्ता मोकळा आहे, तेव्हा निघून जाणे शक्य होते, असे सरकारी वकील सहज म्हणू शकतो. नुसते पिस्तूल दाखवून समोरच्याला दरडावले तरी धमकीचा गुन्हा होतो. हवेत बार काढून इतरांच्या जिवाला धोका निर्माण केला, तर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. लग्नाच्या वरातीत मोटारीच्या छतातून बार काढणारे याच तरतुदीत बसतात.

राहिला अपघात आणि चोरीचा प्रश्न. परवानाधारक बेशुद्ध पडला तर त्याला उचलणाऱ्या वाटसरूच्या किंवा रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याच्या हाती शस्त्र लागते. त्यांनी ते न हाताळता पोलिसांना कळवावे, आणि परवाना पाकिटात सापडला तर पुढचे काम सोपे होते. शस्त्र चोरीला गेले किंवा हरवले तर जवळच्या पोलीस ठाण्यात ताबडतोब खबर देणे ही परवान्याचीच अट आहे. प्रवासात चोरी झाली तर घरी पोचेपर्यंत थांबायचे नाही. जिथे लक्षात आले तिथल्याच ठाण्यात तक्रार नोंदवायची, तिची प्रत घ्यायची आणि परवाना देणाऱ्या कार्यालयालाही कळवायचे.