सुलतानपूरची बेटे

बेट म्हटले की मराठी मनापुढे प्रथम समुद्र उभा राहतो. मालवणची किनारपट्टी, पायाखालची ओली पुळण, ओंजळीत वेचलेले शंखशिंपले आणि लाटांवर झुलणारे कुरव पक्षी! दिल्लीच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या वैभवाची आठवण वरचेवर व्हावी, हे साहजिकच आहे. परंतु गुरुग्रामपासून फर्रुखनगरच्या वाटेवर सुमारे पंधरा किलोमीटर गेले की तेथेही बेटे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेथे लाटा नाहीत, गाज नाही. आहे ते एक उथळ तळे आणि त्यात माणसाने मातीचे उंचवटे रचून उभारलेली लहान लहान बेटे. हेच सुलतानपूरचे राष्ट्रीय उद्यान होय.

समुद्र नसला, तरी या भूमीला खारेपणाचा इतिहास आहे. येथील विहिरींचे खारे पाणी वाफ्यांत वाळवून पूर्वी मीठ काढीत. एकोणिसाव्या शतकात फर्रुखनगरला आगगाडी पोचली, तिच्या मुळाशी हा मिठाचाच व्यापार होता. पुढे कर आणि सांभरच्या मिठाची स्पर्धा यांमुळे तो बुडाला. मिठागरे गेली, आणि सखल भागात साठणाऱ्या पाण्यावर पाखरे मात्र उतरत राहिली.

या पाखरांना राजाश्रय मिळाला तो एका वार्ताहरामुळे. रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे दिल्लीतील प्रतिनिधी पीटर जॅक्सन हे हाडाचे पक्षिनिरीक्षक. सुलतानपूरचे रक्षण व्हावे, असे पत्र त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांना लिहिले. १९७१ साली हे तळे अभयारण्य म्हणून घोषित झाले. कालांतराने त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०२१ साली रामसर यादीतील पाणथळींमध्ये त्याची गणना झाली. क्षेत्रफळ जेमतेम दीड चौरस किलोमीटर. पण दोनशेहून अधिक जातींचे पक्षी येथे आढळतात.

आता या बेटांचे प्रयोजन पाहू. त्यांवर बाभळी लावलेल्या आहेत. पावसाळा सरता सरता चित्रबलाक या बाभळींवर काटक्यांची घरटी रचतात. बगळे आणि पाणकावळेही त्यांचे शेजारी होतात. कोल्ह्या-कुत्र्यांना पाण्यातून तेथवर जाणे अवघड, म्हणून अंडी व पिले निर्धास्त राहतात. आणि भोवतालच्या त्याच पाण्यात पिलांसाठी मासळी मिळते. पाणी हाच तट आणि पाणी हेच कोठार! विणीच्या दिवसांत शांतता राहावी, म्हणून पावसाळ्यात उद्यान प्रेक्षकांना बंद ठेवण्याचा प्रघात आहे.

हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. तलवार बदके व थापटे यांचे थवे पाण्यावर पसरतात. शंखशिंपल्यांची हौसदेखील येथे अगदीच विफल होत नाही. चोचीच्या मध्यभागी फट असलेला मुग्धबलाक गोड्या पाण्यातील गोगलगाई टिपतो, आतला जीव अलगद ओढून काढतो आणि शंख तेथेच टाकतो. मुलांनी तो शंख पाहावा, पक्ष्याची चोच कशी चालली असेल याचा विचार करावा, आणि तो होता तेथे ठेवून द्यावा. खिशात आणलेल्या शंखापेक्षा हा विचार अधिक काळ टिकतो.

तथापि या बेटांचे भवितव्य पाण्याच्या हवाली आहे. पूर्वी पावसाबरोबर साहिबी नदीच्या पुराचे पाणीही या सखल भागात येई. आता तळ्यात कालव्याचे पाणी सोडावे लागते. त्याच पाण्यावर शेताचा आणि दिवसेंदिवस फुगणाऱ्या नगराचाही डोळा असतो. पिले उडती होईपर्यंत कित्येक आठवडे लोटतात. मधेच तळे आटले, तर मासळी संपते; आणि कोरड्या तळातून कुत्री पायी चालत बाभळीपर्यंत पोचतात. बेट तेच, झाडे तीच. पण सभोवारचे पाणी सरले की त्याचे बेटपण संपते.

म्हणून सुलतानपूरला जाणाऱ्याने काठाकाठाने हळू चालावे, बोलणे आवरते घ्यावे आणि दुर्बीण डोळ्यांना लावून बेट दुरूनच पाहावे. त्या चिमुकल्या भूमीवर माणसाचे पाऊल पडत नाही, हेच तिचे खरे ऐश्वर्य आहे. माणसानेच रचलेली ही बेटे माणसाने पाखरांना देऊन टाकली आहेत. आता तेवढे पाणीही त्यांना वेळेवर देत राहणे, एवढेच त्याच्याकडे उरले आहे.