पिकाचे फोटो : काढावेत आणि वेळेवर सापडावेत

(धरमतर खाडीकाठच्या भात उत्पादकांपुढे दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



खाडीकाठी शेती करणाऱ्यांना बांधाचे महत्त्व सांगायला नको. उधाणाच्या भरतीत बाहेरकाठ्याला खांड पडली की खारे पाणी भातात शिरते. आपण लगेच मोबाईलवर दहा-वीस फोटो काढतो. पण पंचनाम्याच्या वेळी प्रश्न येतो, "हा गट कोणता? आधी पीक कसे होते?" तेव्हा लग्न-बारशाच्या फोटोंत हवा तो फोटो सापडत नाही. सापडला तरी सगळी खाचरे सारखीच दिसतात.

माझीही अशीच फजिती झाली आहे. करपलेल्या भाताचे फोटो काढले, पण खाचराची नोंद केली नाही. पुढे पाने क्षाराने करपली की रोगाने, हे ठरवता आले नाही. तेव्हापासून प्रयोगाच्या वाफ्यातली पाटी दिसल्याशिवाय मी फोटो काढत नाही. आपणही पुढील पद्धत ठेवावी.

१) पाटीवर गट क्रमांक, तारीख, भाताची जात व पिकाची अवस्था लिहावी. पहिला फोटो पाटीसह काढावा. मागे बांध, उघाडी किंवा झाड अशी कायमची खूण असावी.

२) लावणी, फुटवे, निसवणे व कापणी या चार वेळी त्याच जागेवरून फोटो घ्यावा. चांगल्या पिकाचा फोटो असेल तरच नुकसान किती ते दाखवता येते.

३) मोबाईलमध्ये प्रत्येक गटाचा वेगळा अल्बम करावा. नाव देताना वर्ष आधी लिहावे, उदा. '२०२५ खरीप गट १२५'. म्हणजे हंगाम क्रमाने लागतात.

४) अमावास्या-पौर्णिमेला बांध पाहायला जातोच. त्याच दिवशी फोटो अल्बममध्ये टाकावेत व अस्पष्ट फोटो पुसावेत.

५) व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातील ठिकाणाची नोंद निघून जाते. म्हणून मूळ फोटो जपावा. हंगामाअखेर एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी.

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. तिच्यात पिकाचा फोटो शेतातूनच द्यावा लागतो. ती सरकारी नोंद वेळेत करावीच, पण घरची नोंदही ठेवावी. फोटो असला म्हणजे भरपाई मिळेलच असे नाही. मात्र आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडता येते. शिवाय पनवेल-३ सारखी क्षार सहन करणारी जात कोणत्या खाचरात टिकली, हेही पुढच्या हंगामात पाहता येते.

उद्या सकाळी बांधावर जाताना पाटी आणि खडू बरोबर न्या.