मदरबोर्ड : घरच्या संगणकाचं जोतं

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भरपेट फराळ झाल्यावर मदरबोर्डवर भाषण म्हणजे लाडवानंतर काढा, असं काहींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतंय. पण इथे बसलेल्या बऱ्याच घरांत एखादा चौदा-पंधरा वर्षांचा चिरंजीव किंवा कन्यारत्न "बाबा, गेमिंग पीसी घरीच बांधू या" म्हणून मागे लागलेलं आहे. पैसे तुमचे जाणार, म्हणून हा काढा तुम्हीच घ्यायचा.

मुलं सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्डाबद्दल बोलतात, कारण खेळातला वेग बराचसा तिथून येतो. मदरबोर्ड म्हणजे घराचं जोतं. ते दिसत नाही, पण पुढे मजला चढवायचा की नाही, हे तेच ठरवतं.

पहिला प्रश्न सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेचा. २०१७ साली एएमडीचे पहिले रायझन प्रोसेसर एएम४ सॉकेटवर आले. २०२२ मध्ये आलेला ५८०० एक्स थ्रीडी त्याच सॉकेटचा होता, आणि बायॉस अद्ययावत केल्यावर तो बऱ्याच जुन्या बोर्डांवरही चालला. म्हणजे पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागलं. इंटेलचा एलजीए १७०० हा सॉकेट २०२१ चा. २०२४ मध्ये एलजीए १८५१ आला आणि नव्या प्रोसेसरसाठी बोर्डही नवा घ्यावा लागला. तेव्हा विकत घेताना विचारा, "या सॉकेटवर पुढे काय बसणार आहे?" एएमडीच्या एएम५ ला निदान २०२७ पर्यंत साथ देण्याचं कंपनीने जाहीर केलेलं आहे.

दुसरा प्रश्न रॅमचा. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले, त्यामुळे बोर्ड आणि रॅम यांचा हिशेब एकत्रच मांडा.

तिसरा, आकार. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. इथल्या बॉक्सरूममध्ये पलंग, टेबल आणि पोरगं एवढं मावलं तरी मिळवली! पण मिनी आयटीएक्सला रॅमच्या जागा सहसा दोनच असतात आणि किंमत जास्त. मायक्रो एटीएक्स हा मधला मार्ग बहुतेकांना पुरतो.

आता खरी मेख. दीडशे पौंडांचा बोर्ड आणि चारशे पौंडांचा बोर्ड, बाकी सगळं तेच ठेवलं, तर खेळात फरक जवळजवळ जाणवत नाही. वरचे पैसे जास्तीची पोर्टं, रंगीत दिवे आणि ओव्हरक्लॉकिंगची सोय यांचे. मात्र अगदी तळाचाही घेऊ नका. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, तो कमकुवत असेल तर तापतो आणि प्रोसेसरचा वेग आपोआप उतरतो. मधल्या श्रेणीचा बोर्ड घ्या, वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. एसएसडीसाठी एम.२ च्या दोन जागा आणि प्रोसेसरशिवाय बायॉस बदलण्याची सोय आहे ना, एवढं पाहा.

खोका उघडताना फोटो काढा. हल्ली पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. आमच्या ओळखीत एकांना वाकलेल्या पिनांचा बोर्ड आला. फोटो होते म्हणून वाद झाला नाही. ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत व्यवहार रद्द करता येतो, हे २०१३ च्या नियमांमुळे. आणि २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. पावती जपा.

शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. स्क्रू-ड्रायव्हर मुलांच्या हाती द्या. आपण शेजारी बसून फक्त मॅन्युअल वाचायचं. वीज बंद, हात आधी धातूला लावायचा, घाई करायची नाही. दार लावून एकटं खेळणारं पोरगं त्या शनिवारी चार तास आपल्याशी बोलतं, तेही बरंचसं मराठीत. ही संधी कुठल्याही तयार खोक्यात मिळत नाही.

शुभ दीपावली!