फोटो करायचं सॉफ्टवेअर: विकतचं की फुकटचं?

आम्ही तळेगाव श्यामजी पंतहून बोलतोय.

आपले पापड, तिखट, संत्रा बर्फी गिऱ्हाईक आधी मोबाईलवर पाहतं, मग पाकीट हातात घेतं. म्हणून गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघतोच: फोटो नीट करायला, लेबल बनवायला सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

विकतच्यात फोटोशॉपचं नाव मोठं. ते १९९० साली आलं. पूर्वी एकदा पैसे भरले की झालं. २०१३ पासून कंपनीनं नव्या आवृत्त्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भाडं थांबलं की काम थांबलं. रोज लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओला ते परवडतं. वर्षात चार लेबलं करणाऱ्या गटाला कशाला?

फुकटात दोन प्रकार आहेत, ते ओळखा.

पहिला खरा फुकट. कम्प्युटरवर गिम्प आहे, १९९६ पासून. जगभरातले लोक मिळून ते बनवतात. धंद्यासाठी वापरलं तरी पैसे नाहीत. उजेड वाढवा, मागचा पसारा काढा, मराठी नाव टाका, सगळं होतं. शिकायला मात्र चार-आठ दिवस द्यावे लागतात. मोबाईलवर गूगलचं स्नॅपसीड आहे.

दुसरा प्रकार म्हणजे "सात दिवस फुकट". त्यानंतर खात्यातून पैसे आपोआप कटतात. ऑटोपेची परवानगी मागितली की थांबा. नुसतं ॲप काढून कपात थांबत नाही, ऑटोपे वेगळं बंद करावं लागतं. गटाचा पैसा सगळ्यांचा आहे.

कोणी फोटोशॉपची चोरीची कॉपी टाकून देतो म्हटलं, तर नको म्हणा. तो कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्यातून व्हायरसही येतो.

लेबल स्टुडिओतून करून घेतलं, तर मूळ पीएसडी फाइल मागून घ्या. ती बहुतेक वेळा गिम्पमध्ये उघडते. मग भाव बदलला की जुना आकडा लपवून नवा आपणच टाकू शकतो, दरवेळी पैसे मोजावे लागत नाहीत. प्रेसमध्ये रंगीत छपाई करायची असेल, तर रंगांसाठी गिम्प कमी पडू शकतं. तिथे छपाईवाल्याला आधी विचारा.

शेवटचं एक. फोटोत उजेड वाढवा, पण तिखटाचा लाल रंग वाढवू नका. पाकीट उघडल्यावर रंग वेगळा निघाला, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

पुढच्या बैठकीत एकीच्या मोबाईलवर एक फोटो सगळ्यांनी मिळून करून पाहा.