स्वस्त हेडफोनची पारख

मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. त्या काळीं क्रिस्टल सेट या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या साध्या रेडिओयंत्रांत आवाज वाढविण्याची कांहींच सोय नसे. हेडफोन कानांवर चढविल्यावांचून त्यांतून एक अक्षरहि ऐकूं येत नसे. त्या हेडफोनच्या टोप्या टणक असत आणि त्या कानाच्या पाळीवरच दाबून बसत. पण दूरचा आवाज घरांत येतो हें नवल एवढें मोठें होतें कीं पाळीच्या दुखण्याकडे लक्ष देण्यास फारसें कोणी मोकळें नसावें.

तें नवल आतां ओसरलें आहे. शहरांतील मध्यम स्थितीच्या घरांत हेडफोन ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. मुलगी त्यावर वर्ग ऐकते, वडील कचेरीच्या बैठकींत त्यावरूनच बोलतात, आणि रात्रीं निजानीज झाल्यावर आजोबा त्यावर गाणें ऐकतात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एकाचें गाणें दुसऱ्याच्या अभ्यासाच्या आड येऊं नये एवढ्यासाठीं तरी तो घ्यावाच लागतो. अशा घराला दहा-वीस हजारांचा हेडफोन परवडत नाहीं. दोन-अडीच हजारांच्या आंत जें मिळेल त्यांतूनच निवड करावयाची असते. येथें विचार आहे तो या स्वस्त हेडफोनांचा, आणि त्यांतहि सबंध कान गादीच्या आंत घेणाऱ्या मोठ्या प्रकारचा. कानांत खोचावयाच्या लहान प्रकारांचा नव्हे.

गिऱ्हाईक सहसा दोन प्रश्न वेगवेगळे विचारतें. आवाज कसा आहे, हा एक. कानांना त्रास होतो कीं काय, हा दुसरा. दुकानदारहि त्यांचीं उत्तरें वेगवेगळींच देतो, आणि बहुधा दोन्ही उत्तरें उत्तमच असतात. वस्तुतः हे दोन प्रश्न निराळे नाहींत. हेडफोन कानांवर कसा बसतो यावरच तो कसा वाजतो हें पुष्कळ अंशीं ठरतें, आणि स्वस्त हेडफोनच्या बाबतींत तर ही गोष्ट विशेषच खरी आहे.

याचें कारण समजण्यास फार शास्त्र लागत नाहीं. हेडफोनच्या प्रत्येक वाटींत एक पातळ पडदा असतो, बहुधा ४० मिलिमीटर व्यासाचा. त्याला चिकटलेलें तारेचें वेटोळें चुंबकाच्या क्षेत्रांत मागेंपुढें हलतें आणि त्याबरोबर पडदा समोरच्या हवेला ढकलतो. उंच स्वरांना एवढें पुरतें. खालच्या स्वरांना मात्र हा पडदा आणि कान यांच्यामधील हवा कोंडलेली असावी लागते. गादी आणि गाल यांच्यामध्यें जरा फट राहिली कीं खर्ज त्या फटींतून निघून जातो. मग पडदा कितीहि चांगला असो, चाळणींत पाणी भरण्यासारखा तो प्रकार होतो.

ही फट पडण्याचीं कारणें अगदीं घरगुती असतात. चष्म्याची दांडी, कानांतील कुडी, कानावरून मागें नेलेली केसांची जाड बट, दाढी, कानाच्या पाळीखालीं जबड्यामागें असलेला खळगा, यांपैकीं कांहींहि पुरतें. म्हणूनच तोच हेडफोन थोरल्या भावाला भरदार वाटतो आणि चष्मा लावणाऱ्या धाकट्याला कोरडा. दोघेहि खरें बोलत असतात. शेजाऱ्याच्या शिफारशीवर हेडफोन घेणाऱ्याची निराशा होते ती बहुधा यामुळेंच. याची परीक्षा सोपी आहे. मागून बंद असलेला हेडफोन घालून परिचयाचें गाणें लावावें आणि दोन्ही वाट्या तळहातांनीं हलकेच कानांवर दाबाव्या. दाबतांच डग्ग्याचा घुमारा एकदम वाढला तर त्या डोक्यावर हा हेडफोन गळतो असें समजावें. जेमतेम फरक पडला तर बैठक ठीक आहे.

आतां खुद्द आरामाविषयीं. मोठ्या माणसाच्या कानाची उंची सरासरीनें सहा-साडेसहा सेंटिमीटर असते. गादीच्या आंतील पोकळी त्याहून स्पष्टपणें मोठी असली तरच कान आंत मोकळा राहतो. स्वस्त मालांत ही पोकळी वारंवार तोकडी असते. बाहेरून वाटी प्रशस्त दिसते, पण जाड गादीनें आंतली जागा खाल्लेली असते. दुसरी गोष्ट खोलीची. कानाचें टोंक आंतील कापडाला टेकत असेल तर पहिल्या पांच मिनिटांत तें जाणवत नाहीं. पाऊण तासानें मात्र तेथें ठणका लागतो. वजनाचें भय लोकांना उगाच फार वाटतें. दोन-अडीचशें ग्रॅमचा हेडफोन वरची पट्टी नीट असेल तर जड होत नाहीं. त्रास देतो तो दोन्ही बाजूंचा दाब. दाब फार असला तर चष्म्याची दांडी कानामागें रुतते, कमी असला तर पुन्हा फट पडते. नवा हेडफोन थोडा घट्टच असतो. कांहीं लोक तो रात्रभर पुस्तकांच्या चळतीवर ताणून ठेवतात, आणि पट्टींत पोलाद असेल तर तो उपाय बरा आहे. पट्टी नुसत्या प्लॅस्टिकची असेल तर सकाळीं दोन तुकडे हातीं येण्याचा संभव असतो.

मुंबई, ठाणें, रत्नागिरीकडील दमट हवेंत उष्म्याचा प्रश्न वेगळाच महत्त्वाचा होतो. रेक्झिनसारखी गादी फट चांगली बुजवते, पण आंत घाम धरते. शिवाय ओलाव्यानें तिचें वरचें आवरण कुजून कांहीं वर्षांत तिचे काळे पापुद्रे गालाला चिकटूं लागतात. कापडी गादी थंड राहते, परंतु तिच्यांतून खर्ज थोडा सुटतो. दोन्ही सुखें एकत्र मिळत नाहींत. तेव्हां गाद्या काढून नव्या बसवितां येतात कीं नाहीं हें घेण्यापूर्वीं पाहणें, हें डबीवरील सर्व वर्णन वाचण्यापेक्षां अधिक उपयोगाचें आहे.

आवाजाच्या परीक्षेंत फसगत होते ती दुकानांत. लॅमिंग्टन रोडसारख्या गजबजलेल्या बाजारांत, बाहेर गाड्यांचा गोंगाट चालू असतां, पांच मिनिटांत जो हेडफोन आवडतो तो बहुधा सर्वांत चांगला नसतो. तो सर्वांत मोठ्यानें वाजणारा असतो. १९३३ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंतील फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं आवाज हळू असतां माणसाच्या कानाला खालचे स्वर फारच कमी जाणवतात, आणि आवाज वाढवीत नेला कीं ते भरून येतात. साहजिकच मोठा आवाज 'भरदार' भासतो. म्हणून दोन हेडफोनांची तुलना करतांना दोन्ही सारख्याच मोठेपणानें वाजतील असें आधीं करून घ्यावें, आणि तेंहि हळू आवाजांत. हळू आवाजांत जो गोड लागतो तो घरीं निभतो. शक्य असेल तर परत करण्याची मुदत मिळेल अशाच ठिकाणीं खरेदी करावी आणि खरी परीक्षा घरीं, शांत वेळीं, अर्धा-पाऊण तास सलग घालून करावी.

काय ऐकावें? पहिली गोष्ट, माणसाचें बोलणें. मराठी बातम्या याला फार चांगल्या. 'चोर' शब्दांतील च आणि 'चार' शब्दांतील च हे मराठी कानाला निराळे ऐकूं यावयास पाहिजेत; आणि स, श, छ हे वर्ण शिट्टीसारखे टोंचतां कामा नयेत. या वर्णांचा मुख्य जोर ४,००० ते ८,००० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि नेमका तेथेंच कित्येक स्वस्त हेडफोनांना उगाच चढ दिलेला असतो, कारण त्यामुळें आवाज 'स्वच्छ' असल्याचा भास होतो. तासाभराच्या व्याख्यानानंतर डोकें दुखूं लागतें तें अनेकदां गादीमुळें नव्हे, या चढामुळें.

दुसरी गोष्ट, तंबोरा. काळी एकच्या पट्टींत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारें ७० हर्ट्झला वाजते. हलक्या हेडफोनांत हा मूळ स्वर अगदीं क्षीण असतो. गंमत अशी कीं तो मुळींच नसला तरी वरच्या स्वरांशांवरून कान त्याची भरपाई स्वतःच करतो, आणि ऐकणाराला खर्ज ऐकल्यासारखेंच वाटतें! तंबोऱ्यांत पाहावयाची ती जवारी. तार छेडल्यावर ती हळूहळू उलगडत गेली पाहिजे. नुसता गोंगाट कानीं पडत असेल तर हेडफोन नापास. तबल्यांत दायाच्या किनारेचा बोल कोरीव यावा, आणि डग्ग्यावर मनगटानें काढलेली घिस्स खालीं-वर सरकतांना ऐकूं यावी. जेथें डग्ग्याचा प्रत्येक बोल एकाच उंचीचा 'ढब्' होऊन येतो तेथें खर्ज फार आहे खरा, पण तो खोटा आहे.

जुनी ध्वनिमुद्रिकाहि परीक्षेस घ्यावी. अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या गाण्याच्या तबकड्यांत खरखर आहेच. चांगल्या हेडफोनांत ती खरखर एका बाजूस राहते आणि गळा तिच्यापासून सुटा ऐकूं येतो. वाईट हेडफोनांत ती कढईंतल्या तळणासारखी गाण्यावर पसरते.

शेवटीं दोन्ही बाजू सारख्या वाजतात कीं नाहीं हें पाहावें. एकट्या माणसाचें साधें बोलणें डोक्याच्या बरोबर मध्यभागीं ऐकूं यावयास हवें. तें डावीकडे झुकत असेल तर हेडफोन उलटा घालावा, म्हणजे डावी वाटी उजव्या कानावर. आवाजहि आतां उजवीकडे गेला तर दोष हेडफोनाचा किंवा ज्याला तो जोडला आहे त्या यंत्राचा. पण उलटा घालूनहि आवाज डावीकडेच राहिला, आणि चष्मा-केस दूर करूनहि तसाच राहिला, तर हेडफोन परत करूं नये. कान तपासून घ्यावा. घरांतील वडीलधाऱ्या माणसांना एका कानानें कमी ऐकूं येतें हें त्यांच्या स्वतःच्याहि लक्षांत पुष्कळ दिवस येत नाहीं, आणि या साध्या अदलाबदलींत तें उघड होऊं शकतें.

डबीवर छापलेल्या आंकड्यांबद्दल फार बोलावयास नको. '२० ते २०,००० हर्ट्झ' हें वाक्य जवळजवळ प्रत्येक डबीवर असतें. त्या दोन टोंकांच्या मध्यें आवाज किती चढतो-उतरतो हें सांगितल्याशिवाय त्याला कांहींच अर्थ नाहीं. किंमतीचा आंकडाहि आवाजाबाबत तितकाच मुका आहे. २०१७ सालीं जेरोएन ब्रेबार्ट यांनीं २८३ हेडफोनांचीं मापें त्यांच्या किंमतींशीं ताडून पाहिलीं. निरनिराळे स्वर ते किती प्रमाणांत वाजवतात याचा आणि किंमतीचा संबंध त्यांना आढळला नाहीं. अधिक पैशांत टिकाऊपणा, सुटी होणारी तार, चांगली गादी, हीं मिळूं शकतात आणि तीं कमी मोलाचीं नाहींत. पण सूर पैशांबरोबर सुधारतोच असें नाहीं. शिवाय स्वरांचा चढउतार थोडाफार दुरुस्त करण्याची सोय पुष्कळ मोबाइल यंत्रांत फुकट असते. टोंचणारा चढ तेथें उतरवितां येतो. तोकड्या गादीवर मात्र असा इलाज नाहीं. म्हणून दोन स्वस्त हेडफोनांत मन द्विधा झालें तर बिनधास्त बैठकीचा घ्यावा.

बिनतारी हेडफोन सोयीचा खरा, परंतु त्याच किंमतींत बॅटरी वगैरे सामानाचा खर्चहि बसवावा लागतो, हें ध्यानांत ठेवावें. बाहेरचा गोंगाट मारण्याची जी युक्ति हल्लीं स्वस्त हेडफोनांतहि येते ती पंख्याची घरघर, इंजिनाची धडधड यांवर चालते. शेजारच्या गप्पांवर फारशी चालत नाहीं.

गोंगाटाचा विषय निघाला म्हणजे मुलांचा निघतोच. डोंबिवलीहून गाडीनें महाविद्यालयांत जाणारा मुलगा गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठीं आवाज वाढवतो, आणि ठाणें येईपर्यंत तो वाढलेला आवाज त्याला साधा वाटूं लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनें घालून दिलेली मर्यादा मोठ्या माणसांस आठवड्यास ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांस तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. १२ ते ३५ वयाचीं शंभर कोटींहून अधिक माणसें अशा मोठ्या आवाजामुळें श्रवणशक्ति गमावण्याच्या धोक्यांत आहेत, असा त्याच संघटनेचा २०२२ सालचा अंदाज आहे. येथें नीट बसणाऱ्या हेडफोनाचा खरा लाभ दिसतो. गादी कानाभोंवतीं चांगली मिटली कीं बाहेरचा आवाज कमी शिरतो आणि खर्ज आंतच राहतो; मग आवाज वाढविण्याची गरजच कमी पडते. गळका हेडफोन घालणारा मुलगा हरवलेला खर्ज शोधण्यासाठीं सगळेच स्वर वाढवतो आणि कानाचें नुकसान करून घेतो.

घरीं शांत खोलींत जो आवाज पुरेसा वाटतो त्याची खूण यंत्रावर पाहून ठेवावी आणि मोबाइलमध्यें कमाल मर्यादा घालण्याची सोय असेल तर ती तेथेंच बांधून टाकावी. हेडफोन काढल्यावर कानांत गुणगुण राहिली, किंवा घरांतलें बोलणें कापूस घातल्यासारखें ऐकूं आलें, तर त्या दिवशींचा आवाज मर्यादेबाहेर होता असें समजावें. दुसऱ्या दिवशींहि ती गुणगुण गेली नाहीं तर कानाच्या डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करूं नये.