फारकतीनंतर मूल कोणाचे?



काठी म्हटले की बाहेरच्या महाराष्ट्राला राजवाडी होळी आठवते. त्या होळीत नाचणाऱ्यांचे संसार मोडतात तेव्हा त्यांच्या मुलांचे काय होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. अक्कलकुवा तालुक्यातील या गावात प्रामुख्याने भिल्ल आदिवासी राहतात. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा हे दोन्ही, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. त्यामुळे फारकत बहुधा पंचांपुढे, रूढीप्रमाणे होते.

या रूढीत स्त्रीला थोडी मोकळीक आहे, आणि पांढरपेशांनी तिची हेटाळणी करू नये. न पटणारा नवरा सोडून दुसरे घर करणे येथे कलंक मानला जात नाही. परंतु लग्नात वरपक्षाने वधूपित्याला देज दिलेले असते. बाई निघाली की त्याच्या परतफेडीचा हिशेब मांडला जातो. मूल बापाच्या कुळाचे, हे तर गृहीतच असते. अंगावर पिणारे मूल बहुधा आईबरोबर जाते. ते गुरे राखण्याजोगे झाले की बापाचे घर त्यावर हक्क सांगू शकते.

लिखित कायद्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी १९५६ च्या कायद्याचे कलम ६ वाचावे. बाप पहिला नैसर्गिक पालक, ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे, एवढीच सवलत. बाप हयात असूनही गैरहजर वा उदासीन असेल तर आई पालक होऊ शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला तो गीता हरिहरन खटल्यात, १९९९ साली!

आदिवासी आईला न्यायालयाचे दार अगदीच बंद नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्वांना लागू आहे. त्यात मुलाचे कल्याण पाहावयाचे असते आणि मूल समजते असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते. आदिवासींना व स्त्रियांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकीलही मिळतो. तरी खरी अडचण पोटाची आहे. पावसाळा सरला की सातपुड्यातील कितीतरी कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल त्या जोडीवर, आणि ती बहुधा पुरुषाच्या हाती पडते. जोडी फुटली की एकट्या बाईला कोयता मिळणे कठीण. मग ‘ही मुलाला पोसणार कशी?’ असे पंच विचारतात, आणि न्यायालयातही तोच सवाल उभा राहतो. तिची ही असमर्थता मजुरीच्या पद्धतीने निर्माण केलेली आहे, याचा विचार दोन्ही ठिकाणी अभावानेच होतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असावा लागतो. देजाचा हिशेब मांडणाऱ्या बैठकीत या जमिनीचाही हिशेब झाला पाहिजे. १९९६ च्या पेसा कायद्याने रूढीनुसार तंटे मिटविण्याचा ग्रामसभेचा अधिकार मानला आहे आणि ग्रामसभेत बायकांनाही मत आहे. तेव्हा मुलाचा निर्णय चार पुरुष पंचांवर न सोडता ग्रामसभेत, आईला आणि जाणत्या मुलाला विचारून व्हावा, असा आग्रह तालुक्यातील कार्यकर्त्यांनी धरावा. मुलाच्या पोटगीची रक्कमही तेथेच लिहून घ्यावी. बापाने ती नाकारली तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो.