समुद्राची वही

आपण गटाची वही लिहितो, कारण मागच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधता येतो. समुद्राचीही वही आहे. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटी मोजली जाते.

जगभरच्या अशा नोंदी सांगतात, १९०१ ते २०१८ मध्ये समुद्र सरासरी २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर वर आला. १९७१ पर्यंत तो वर्षाला १.३ मिलिमीटर चढत होता; २००६ नंतर ३.७.

२००७ साली जर्मन शास्त्रज्ञ स्टेफान राहमस्टॉर्फ यांनी समुद्राच्या आणि तापमानाच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या. हिशेब निघाला, की पृथ्वी एक अंशाने जास्त तापली तर समुद्र वर्षाला ३.४ मिलिमीटर जास्त चढतो. म्हणजे तापमानावर चढण्याचा वेग ठरतो. म्हणून तापणं थांबलं तरी समुद्र लगेच थांबत नाही. तापलेलं पाणी फुगत राहतं, बर्फ वितळत राहतो.

नंतरच्या अंदाजांनुसार, धूर लवकर आवरला तर २१०० पर्यंत बहुधा २८ ते ५५ सेंटिमीटर वाढ होईल. तो वाढतच गेला तर ६३ ते १०१. या दोन अंदाजांतला फरक माणसांच्याच हातात आहे.

खाडीकाठच्या बायांनो, ग्रामसभेत खारबंदिस्तीचा विषय निघाला की विचारा, बांधाची उंची कोणत्या सालच्या उधाणावर धरली आहे? पुढची वाढ त्यात मोजली आहे का? खारं पाणी खाचरात शिरलं, की भात जातो आणि जमीनही खारावते. तेव्हा हा प्रश्न बांध घालण्याआधीच विचारायचा.